मॅलकीचा शिक्का

मॅलकी टूहीने फळीवर साचा ठेवला, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायला घेतली आणि अर्ध्यावरच हात थांबवला. बाहेर गाडी आली होती. फाटकाशी थांबायचं सोडून ती शेडला वळसा घालून ओढ्याच्या बाजूला गेली. काउंटी फायनलच्या आठवड्यात मागच्या दाराने येणारा माणूस नदीपलीकडचाच असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

नदीपलीकडचाच निघाला. टोपी भुवयांपर्यंत ओढलेला, चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकलेला लोर्कन डेव्हानी. ड्रमकेराचा हुकमी एक्का. रविवारी याला अडवायचं कसं, या एका प्रश्नाने आमच्या आख्ख्या क्लूनशीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"दार लाव," मॅलकी म्हणाला, आणि त्याने लावलेल्या दाराला स्वतः उठून कडी घातली.

लोर्कनने काखेतलं पोतं बाकावर ठेवून उलगडलं. आत त्याची हर्ली होती, चेंडू मारायची काठी. ॲशच्या लाकडाची, मुठीला ड्रमकेराची डाळिंबी पट्टी गुंडाळलेली, खाली पंजासारखी पसरत गेलेली. त्या पसरट पात्याचा पुढचा कोपराच उडाला होता आणि कडेची पत्र्याची पट्टी लोंबत होती.

"कधी?"

"काल सरावात. आमच्याच बचावातल्या फुलबॅकने आपली हिच्यावर घातली. तो अजून रडतोय."

"रडू दे. त्याला रविवारी पण रडायचंय, सवय होईल." मॅलकीने हर्ली उचलून उजेडात धरली. "बाकीच्या कुठायत? चार केल्या होत्या मी तुला."

"तीन शाबूत आहेत. हातात बसत नाहीत. या मोसमात मी एकसष्ट गुण मारलेत मॅलकी, सगळे हिनेच." लोर्कनने टोपी काढली. "मला माहीत आहे हा कोणता आठवडा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर आल्या पावली परत जातो. राग नाही, काही नाही."

मॅलकी आमचा, क्लूनशीचा. पण त्याच्या हातच्या हर्ल्या नदीच्या दोन्ही तीरांवर खेळायच्या. वर्षभर कुणीही यावं. फक्त क्लूनशी आणि ड्रमकेरा समोरासमोर आले, की त्या सोमवारपासून सामना संपेपर्यंत ड्रमकेराला शेडचं दार बंद. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मॅलकीच्या बापाने पाळला, मॅलकीने चाळीस वर्षं पाळला, आणि पलीकडच्यांनीही दार वाजवून त्याला कधी पेचात टाकलं नाही.

त्याने हर्ली उलटी केली. मुठीच्या टोकाला तापल्या लोखंडाने उमटवलेला त्याचा बारीक गोल शिक्का होता. नवी हर्ली असो की दुरुस्त केलेली, मॅलकीच्या हातून गेली की तिच्यावर तो बसायचा, आणि तो बसला की कुणी काठी वाकवून बघायच्या भानगडीत पडत नसे. हा शिक्का त्यानेच मारलेला. नऊ वर्षांचा लोर्कन पहिली हर्ली घेऊन याच दारातून धावत सुटला होता आणि आईने 'थँक्यू म्हण' असं ओरडल्यावर पुन्हा धावत आला होता, ते मॅलकीला उगाचच आठवलं.

"शनिवारी सकाळी ये," तो म्हणाला. "आणि गाडी तिथे लावू नकोस. आमच्या नोरीनला खिडकीतून दिसते."

हो का म्हणाला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

क्लूनशीने काउंटीचा कप शेवटचा उचलला त्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती. यंदाही काही वेगळं होणार नाही अशीच लक्षणं होती. जुलैत पहिल्याच सामन्यात अकरा गुणांनी सपाटून मार खाल्ला. परतताना बसमध्ये ड्रायव्हर सोडून कुणी तोंड उघडलं नाही, आणि त्यानेही उघडलं ते 'उतरा' म्हणायला. ऑगस्टात एक सामना बरोबरीत सुटला. पुढचा जिंकलो, तोही समोरच्यांचा चेंडू खांबाला लागून परत आला म्हणून. आणि मग मात्र पोरांच्या अंगात आलं! उपांत्यपूर्व सामना जादा वेळेत मारला. उपांत्य सामन्यात मॅलकीच्या मुलाने, फिंटनने, गोलात उभं राहून असे तीन चेंडू अडवले, की पुढच्या रविवारी चर्चमध्ये फादरनी प्रवचन चार मिनिटांत उरकलं आणि राहिलेला वेळ तिसऱ्या चेंडूवर घालवला.

आता गावातल्या प्रत्येक खांबावर हिरवा-पिवळा झेंडा होता. रस्त्याकडेच्या कुरणातल्या मेंढ्याही हिरव्या-पिवळ्या होत्या. मेंढ्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. ब्याण्णव वर्षांच्या पेगआजीने डॉक्टरला बजावून ठेवलं होतं, की रविवारपर्यंत ती कुठेही जाणार नाही, पुढचं पुढे बघू. अशा गावात, अशा आठवड्यात, डेव्हानीची हर्ली मॅलकीच्या बाकावर पडली होती. हे फुटलं असतं तर गावाने त्याला फितूर म्हटलं असतं, आणि मेल्यावर थडग्याच्या दगडावरही तेच कोरलं असतं. गावाचं एक वेळ सोडा. रविवारी त्या हर्लीसमोर गोलात फिंटनच उभा राहणार होता.

रात्रीच्या जेवणाला फिंटन कामाच्या कपड्यांतच बसला. तो विजेची कामं करायचा. एरवी घरी आला, की जेवायच्या आधी शेडच्या भिंतीवर शंभर चेंडू मारायचा आणि मग आत येऊन बापाशी गप्पा मारत बसायचा. त्या मंगळवारी तो शेडकडे फिरकला नाही. बटाट्यांवर लोणी घातलं, खाल्ले, आणि उठला.

"दडपण आलंय पोरावर," मॅलकी म्हणाला.

"हं," त्याची बायको नोरीन म्हणाली. ताटं उचलताना तिने विचारलं, "ओढ्याकडे गाडी कुणाची होती रे?"

"लाकूडवाल्याची."

"अस्सं. लाकूडवाला आता डाळिंबी टोपी घालतो का?"

मॅलकीने चहाच्या कपात तोंड घातलं.

"मी काही पाहिलेलं नाही," नोरीन म्हणाली. "आणि जे पाहिलं नाही ते मी कुणाला सांगणारही नाही. पण मॅलकी, तुझं तू बघ."

बुधवारी सकाळी टॉस कीली आला. टॉसचं किराण्याचं दुकान, तो क्लबचा चिटणीस, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. मॅलकीने त्याची चाहूल लागताच अंगातला जुना कोट काढून बाकावर फेकला. टॉस आत आला, इकडेतिकडे बघितलं आणि नेमका त्या कोटावर जाऊन बसला.

"बातमी ऐकलीस?"

"तू सांगितल्याशिवाय कशी ऐकणार?"

"डेव्हानीची हर्ली मोडली! ती, नेहमीची! देव आहे रे मॅलकी, देव आहे. त्रेचाळीस वर्षं झोपला होता एवढंच." टॉसने मांडी बदलली. "हे काय टोचतंय?"

"पाना असेल. ऊठ तिथून, कोटाची इस्त्री मोडेल."

"तुझ्या कोटाची इस्त्री तुझ्या लग्नानंतर कुणी पाहिली नाही." टॉस उठून दाराशी गेला, पण जाईल तर तो टॉस कसला. "म्हटलं, तुझ्याकडे आला तर नाही ना?"

"या आठवड्यात? माझ्याकडे?"

"तेच म्हणतो मी. तशी त्यांना लाज आहे थोडी." टॉस हसला. "पण आला ना, तर हाकलू नकोस हं. छान दुरुस्त करून दे. अशी दुरुस्त कर, की पहिल्या फ्री फटक्यापर्यंत टिकली पाहिजे, आणि पहिल्या फ्रीला..." त्याने हाताने काडी मोडल्यासारखं केलं, आणि स्वतःच्याच विनोदावर हसत, झेंड्यांची गुंडाळी काखेत मारून निघून गेला.

मॅलकी बराच वेळ कोट न उचलता उभा राहिला.

फळीवर दोन तुकडे होते. एक मुळाजवळचा, लाकडाची रेष पाण्यासारखी वळत गेलेली. घरामागचं ॲशचं झाड दोन वर्षांपूर्वी रोगाने गेलं, त्यातला हा शेवटचा, फिंटनच्या पुढच्या हर्लीसाठी जपून ठेवलेला. आता साऱ्या काउंटीत धड ॲश उरला नव्हता. असा तुकडा पुन्हा मिळायचा नाही. दुसरा सरळ रेषेचा, खोडाच्या वरच्या भागातला. पात्याच्या टोकाला लाकडाची रेष पात्याबरोबर वळावी लागते. वळली नाही तर जोड दिसायला झकास दिसतो, आणि खरा फटका बसला की निखळतो. बघणाऱ्याला फरक कळत नाही. करणाऱ्याला कळतो.

मॅलकीने सरळ तुकडा उचलला.

स्वतःशी तो म्हणाला, की चांगला तुकडा फिंटनचा आहे, पोराच्या तोंडचा घास काढून परक्याला का द्यायचा? म्हणायला हे खरंच होतं. तिरका छेद घेतला, तुकडा बसवला, गोंद लावला, शिकंजे आवळले. हात सवयीने चालले. दुपारी जेवताना त्याने नोरीनकडे बघितलं नाही.

गुरुवारी सकाळी शिकंजे सोडून त्याने जोड घासून गुळगुळीत केला. रेघसुद्धा दिसत नव्हती. मग नेहमीप्रमाणे हर्लीचं टोक सिमेंटच्या जमिनीवर आपटून त्याने कान दिला. चांगली हर्ली अशी टेकवली, की गाते. मुठीपर्यंत नाद येतो. ही म्हणाली, ठप्.

वीस हजार माणसांच्या गोंगाटात कोण ऐकणार आहे, असं म्हणत त्याने शिक्क्याचं लोखंड शेगडीतून काढलं. लालभडक झालं होतं. मुठीच्या टोकाशी नेलं. आणि तो हात काही खाली जाईना. थरथरला वगैरे नाही. नुसता बोटभर अंतरावर थांबून राहिला. मॅलकीने लोखंड परत शेगडीत ठेवलं, पुन्हा तापवलं, पुन्हा काढलं. पुन्हा तेच.

बिनशिक्क्याची देऊन टाकावी, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्या विचाराने मात्र त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की तो मटकन स्टुलावर बसला. चाळीस वर्षं या शेडमधून एक लबाड काठी बाहेर गेली नव्हती, आणि आता तो तिच्यावर शिक्का मारायचा की नाही एवढ्याचाच विचार करत बसला होता.

मग त्याने करवत घेतली. कालचा जोड गोंदाच्या रेषेत कापून काढला आणि तो तुकडा सरपणाच्या पेटीत भिरकावला. फिंटनसाठी ठेवलेला तुकडा खाली काढला. या वेळी हात सवयीने चालले नाहीत. एकेक रेष बघून, फुंकर मारून, पुन्हा बघून चालले. शनिवारी पहाटे पत्र्याची पट्टी ठोकून झाल्यावर त्याने हर्ली जमिनीवर टेकवली, आणि ती गायली. शिक्का एका झटक्यात बसला.

लोर्कनने ती हातात घेऊन दोनदा फिरवली. तोंडभर हसू आलं पोराच्या.

"काही बोलू नकोस," मॅलकी म्हणाला. "उद्या तू हरावंस म्हणून मी मेणबत्ती लावणार आहे."

"लावा ना. आमच्या आईने तुमच्या फिंटनला ताप यावा म्हणून दोन लावल्यात."

रविवारी क्लूनशीत कुलपं आणि मेंढ्या एवढंच राहिलं. बाकी सगळं गाव शहरातल्या मैदानावर. पेगआजीसुद्धा, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर झेंडा पसरून. मॅलकी आणि नोरीन स्टँडमध्ये नवव्या ओळीत. दोन्ही टोकांना गोलाचे उंच खांब, आणि प्रत्येक खांबाशी पांढऱ्या कोटातला एक पंच, पायाशी दोन झेंडे ठेवून. चेंडू आडव्या दांड्याच्या वरून गेला की एक गुण आणि पांढरा झेंडा. खालून जाळ्यात गेला की तीन, आणि हिरवा.

सुरुवातीपासूनच असा खेळ झाला, की बसायचं कुणाला सुचलं नाही. चेंडू एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत कावळ्यासारखा उडत होता, खाली काठ्यांवर काठ्या आदळत होत्या, आणि कुणी पडलं तरी पडून राहायला लाजत होतं, लगेच उठत होतं. क्लूनशीने सहाव्या मिनिटाला गोल मारला! टॉस कीलीने समोरच्या अनोळखी बाईला मिठी मारली. ती ड्रमकेराची निघाली. मग लोर्कनने एक फ्री मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. प्रत्येक वेळी हर्लीचा तो नाद मॅलकीला गोंगाटातूनही वेगळा ऐकू येत होता.

"कोण म्हणालं त्याची काठी मोडलीय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"दुसरी असेल!" टॉस ओरडला.

"दुसरीने असं मारतो, तर पहिलीने काय करत असेल!"

दुसऱ्या अर्ध्यात लोर्कनने बाजूच्या रेषेवरून, जमिनीवरच्या चेंडूला असा तिरका काप दिला, की तो सत्तर पावलं वळत वळत जाऊन दांड्यावरून गेला. असा फटका माणूस आयुष्यात पाचदा बघतो. मॅलकीचे दोन्ही हात आपोआप टाळीसाठी वर आले. नोरीनने ते धरून खाली दाबले.

"अरे, मेलास ना आता!"

"काय फटका होता ग..." मॅलकी पुटपुटला.

"गप. च्युइंग गम खा."

साठ मिनिटं संपली. जादाची तीन. क्लूनशी दोन गुणांनी पुढे. गावातली निम्मी माणसं आभाळाकडे बघत होती, निम्मी घड्याळाकडे. शेवटच्या मिनिटाला लोर्कनने उंच आलेला चेंडू हवेत पकडला, खांद्याने एकाला बाजूला सारलं आणि गोलाकडे वळला. आमच्या फुलबॅकने दुसरं काहीच सुचेना म्हणून त्याला मागून चक्क कव घालून आडवा केला.

शिटी. पेनल्टी.

स्टेडियममध्ये एवढी शांतता पसरली, की पेगआजीचा खोकला ऐकू आला. हिशेब शेंबड्या पोरालाही कळत होता. चेंडू जाळ्यात गेला तर तीन, म्हणजे कप एका गुणाने ड्रमकेराचा. नाही गेला तर आमचा. गोलाच्या रेषेवर फिंटन एकटा. वीस पावलांवर लोर्कन, हातात ती हर्ली.

मॅलकीला त्या क्षणी काय वाटलं ते त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही. पण वाटलं ते असं, की मोड. देवा, आता तरी मोडू दे. आणि त्याच श्वासात त्याच्या छातीतून उत्तर आलं, की मोडणार नाही. ती मी केली आहे. त्याने नोरीनचा हात एवढ्या जोरात धरला, की तिची अंगठी त्याच्या बोटात रुतली.

लोर्कनने चेंडू पात्यावर उचलून पुढे उडवला, दोन पावलं धावला, आणि हर्ली फिरवली.

नाद आला. स्वच्छ, मुठीपर्यंत भरलेला. चेंडू काही कुणाला दिसला नाही. फिंटनची काठी डोक्याच्या वर कुठेतरी चमकली, पत्र्यावर काहीतरी कडाडलं, आणि फिंटन पाठीवर पडला. गोलामागचे लोक उठून उभे राहिले आणि मॅलकीला पुढचं दिसेना. फक्त खांबाशी वाकलेल्या पंचाची पांढरी पाठ दिसत होती. तो झेंडा उचलायला वाकला होता. तो किती वेळ वाकलेला होता, कोण जाणे.

पंच उठला. पांढरा!

फिंटनच्या काठीला लागून चेंडू दांड्याच्या वरून गेला होता. एक गुण. आमच्याकडे अजून एक शिल्लक होता. फिंटनने उठून चेंडू मारला तो थेट आभाळात, आणि तो खाली येईपर्यंत शिटी झाली.

मग काय झालं ते सांगायला नको. कुंपण होतं ते राहिलं नाही. त्रेचाळीस वर्षं आत कोंडलेलं सगळं एकदम मैदानावर उतरलं. टॉस कीली गुडघे टेकून गवताला मुके देत होता. पेगआजीची खुर्ची चार जणांनी खांद्यावर घेतली होती आणि ती वरून सगळ्यांना शिव्या घालत होती. फिंटन तर दिसतच नव्हता. एका ठिकाणी माणसांचा ढीग होता, तिथे तो असावा. मॅलकी त्या गर्दीत डोळे पुसत उभा राहिला. त्याला पोराकडे जायचं होतं, आणि पाय पुढे पडत नव्हते.

कुणीतरी खांद्याला हात लावला. लोर्कन होता. चेहरा चिखलाने माखलेला, डोळे लाल. हातात हर्ली.

"जोड शाबूत आहे," तो म्हणाला. "बघा."

"बघितलं मी. तिथून ऐकलं."

"त्याने कसा अडवला, मला नाही कळलं. याहून चांगला फटका मला येत नाही मॅलकी."

"माहीत आहे पोरा."

लोर्कनने माणसांच्या त्या ढिगाकडे बघितलं. "आता सांगायला हरकत नाही. मी आलोच नसतो तुमच्याकडे. मंगळवारी दुपारी फिंटनचा फोन आला. म्हणाला, मोडली असं ऐकलं, बाबांकडे घेऊन जा."

"फिंटनचा?"

"म्हणाला, तुला हरवायचंय ते तुझ्या हर्लीसकट. नाहीतर पुढची वीस वर्षं तू पबमध्ये बसून मोडक्या काठीची रड सांगशील." लोर्कन ओल्या डोळ्यांनी हसला. "आणि वर म्हणाला, मी पाठवलं असं सांगू नकोस. सांगितलंस तर ते माझ्या शब्दाखातर करतील. त्यांना नाही म्हणायचं असेल, तर म्हणू देत."

मॅलकीनेही त्या ढिगाकडे बघितलं.

"मी त्याला विचारलं, अरे, तुझा बाप क्लूनशीचा, मुद्दाम कच्ची करून दिली तर? तर हसतच सुटला. म्हणाला, बाबांना कच्चं काम जमत असतं तर आम्ही एव्हाना श्रीमंत झालो असतो." लोर्कनने हात पुढे केला. "चलतो. आई रडत असेल."

मॅलकीने तो हात हातात घेतला. हसावं अशी ती गोष्ट होती, पण त्याला हसता आलं नाही.

त्या संध्याकाळी टेकडीवर शेकोट्या पेटल्या, कप चौकाचौकात फिरला, आणि फिंटनशी दोन शब्द बोलायला मॅलकीला सवड मिळाली नाही. किंवा सवड मिळाली तेव्हा शब्द मिळाले नाहीत.

सोमवारी अकराच्या सुमाराला फिंटन शेडमध्ये आला. आठवड्यातली पहिलीच खेप. एक डोळा सुजलेला, आवाज पार बसलेला, काखेत हर्ली.

"गार आहे इथे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि शेगडी पेटवायला सरपणाच्या पेटीशी वाकला.

मॅलकीने मान वर केली तोवर उशीर झाला होता. फिंटनच्या हातात तो तुकडा होता. तिरका कापलेला, पात्याच्या टोकाच्या आकाराचा, कडेला वाळलेला गोंद आणि गोंदात अडकलेला डाळिंबी पट्टीचा एक धागा. फिंटन या शेडमध्ये भुशात खेळून मोठा झाला होता. त्याने अंगठा लाकडाच्या रेषेवरून फिरवला. रेष सरळ होती, टोकापर्यंत सरळ. त्याने पुन्हा एकदा अंगठा फिरवला.

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत, ओरडत गेलं.

"फिंटन," मॅलकी म्हणाला, "तो तुकडा..."

"सुका आहे ना?"

"आहे."

"मग पेटेल."

फिंटनने तुकडा शेगडीत सरकवला, वर दोन ढलप्या टाकल्या आणि काडी लावली. जाळ धरेपर्यंत तो तिथेच उकिडवा बसून राहिला. मग उठून त्याने स्वतःची हर्ली बापासमोर धरली. तिच्या वरच्या कडेला पत्रा आत चेपला होता, चेंडूच्या शिवणीचा ठसा त्यावर स्पष्ट उमटला होता.

"लाकडात भेग गेलीय का बघा बाबा."

मॅलकीने हर्ली घेतली, टोक जमिनीवर टेकवलं, आणि दोघांनीही कान दिला.

"नाही," मॅलकी म्हणाला. "पट्टी बदलली की झालं. तू ते शिक्क्याचं लोखंड ठेव तेवढं तापायला."